ढिल्या झाकणाची तक्रार

पेट्रोल पोचलं नाही की मोटारसायकल सांगून बंद पडते. आधी आवाज बारीक होतो, मग मागून कुणी धरून ओढल्यासारखा एक झटका बसतो, मग दुसरा. आपण मूठ पिळतो, पिळल्यावर ती उलट जास्तच गुदमरते, आणि वीस-पंचवीस पावलांत सगळं शांत होतं. ठिणगीचा दोष असेल तर असं होत नाही, इंजिन खटकन मरतं. हा फरक मला आज झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. त्या वर्षी मात्र मला काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कबूल करायला मी तयार नव्हतो.

मी तेव्हा पुसदला गुरांचा डॉक्टर होतो. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. पुसदपासून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची गावं आणि बंजाऱ्यांचे तांडे माझ्याकडे होते. बुळकांडी म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, तिची लस टोचायचं काम जोरात चाललेलं. लस एकदा पाण्यात मिसळली की बर्फात ठेवावी लागायची, आणि बर्फ यवतमाळहून मोटारीच्या टपावर लाकडाच्या भुशात गुंडाळून यायचा. दुपार टळली की त्याचं पाणी, आणि लसही वाया. सायकलने हे काम होण्यातलं नव्हतं. म्हणून मी लष्करी लिलावातून आलेली एक जुनी विलायती मोटारसायकल घेतली होती. खरं सांगायचं तर कामासाठी निम्मी आणि मिरवायला निम्मी. मी मूळचा दारव्ह्याकडचा, घरी मले-तुले बोलणारा माणूस, पण त्या गाडीवर बसलं की मी एकदम पुस्तकी मराठी बोलू लागायचो.

पुसदमध्ये त्या गाडीला हात लावण्यासारखा एकच माणूस होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मुसलमान, पन्नाशी ओलांडलेला, बोटांच्या पेरांत तेलाचा काळा रंग कायमचा बसलेला. चौकातच त्याचं दुकान आणि मागच्या गल्लीत घर. त्याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. मी गेलो तरी तो उठायचा नाही. प्रश्न विचारला तर हातातली विडी संपवून उत्तर द्यायचा. मी वयाने वीस वर्षांनी लहान, तरी त्याला अरे-तुरे करायचो, आणि तो मला प्रत्येक वाक्यात ‘साहेब’ म्हणायचा. त्याच्या तोंडी तो शब्द ऐकला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, कारण तो म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर साहेबाबद्दलच्या आदराची काहीच खूण नसायची.

त्याचं दुकान चालायचं सरकारी कामावर. आमच्या दवाखान्याची जीप, जी तांड्यांवर जायला मला कधी मिळत नसे, ती त्याच्याकडे, आणि तालुक्यातल्या आणखी दोन कचेऱ्यांच्या गाड्याही त्याच्याकडेच. खासगी मोटारी गावात होत्या किती? हे काम होतं म्हणून त्याच्या दुकानाला पत्रे होते आणि हाताखाली दोन माणसं होती. आमच्या जीपचं काम त्याच्याकडे ठेवायचं की नाही, हे माझ्या एका कागदावर होतं. आमची जीप गेली की बाकीच्या दोघी तिच्या मागे जाणार, हेही उघड होतं. त्याला ते ठाऊक होतं, मला ते ठाऊक होतं, आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे त्याला दिसावं अशा बेताने मी त्याच्या दुकानात उभा राहायचो.

दिवाळी झाली आणि गाडी बंद पडू लागली. गावातल्या गावात कधीच नाही. आठ-नऊ मैल गेलं की आवाज बारीक, झटका, झटका, शांत. मी उतरायचो. पहिली शंका पेट्रोल संपल्याची, म्हणून टाकीचं झाकण फिरवून आत डोकवायचो. पेट्रोल असायचं. झाकण लावायचो, दोन शिव्या द्यायचो, किक मारायचो. तिसऱ्या-चौथ्या किकला गाडी सुरू. पुन्हा आठ-नऊ मैल, पुन्हा तेच. मी ठरवून टाकलं की इंजिन तापतं आणि थोडं निवलं की चालतं. चूक निदान पक्कं व्हायला एवढी सोय पुरते. गुरांच्या बाबतीत मी असं कधी करत नसे. तिथे हात घालून पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नव्हतो.

एके दिवशी एका तांड्यावर पोचायला इतका उशीर झाला की बर्फ विरघळून गेला. साठ-सत्तर जनावरं सकाळपासून बांधून ठेवलेली, माणसं मजुरी बुडवून बसलेली. मी लस मातीत ओतली आणि परत फिरलो. तांड्याचा मुखिया, नाईक, नुसता माझ्या गाडीकडे बघत राहिला. ते बघणं घेऊन मी सरळ मिस्त्रीच्या दुकानात गेलो.

“तापून बंद पडते,” मी सांगितलं. “बघ.”

त्याने विडी संपवली. मग म्हणाला, “तापून नाई पडत, साहेब. आवाज कसा येते बंद पडाच्या आंधी?”

“आवाजाशी तुला काय करायचंय? गाडी बघ.”

त्याने बघितली. कार्बोरेटर उतरवला. त्यातलं तरंगणारं पितळी डबडं कानाशी धरून हलवलं, आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकलं. जेटच्या बारीक भोकातून उजेडाकडे पाहिलं, फुंकर मारली. पेट्रोलच्या कॉकची जाळी काढून घासली. थोडं पेट्रोल बाटलीत काढून तसंच ठेवलं, तळाशी पाणी बसतं का ते पाहायला. बसलं नाही. हे सगळं त्याने इतक्या सावकाश केलं की मला वाटलं मुद्दाम करतोय. जोडून झाल्यावर त्याने गावातून दोन चकरा मारून आणल्या. गाडी घड्याळासारखी चालली.

दुसऱ्या दिवशी उमरखेडच्या रस्त्यावर ती नवव्या मैलाला बंद पडली.

तळपायाची आग मस्तकात गेली. परत आलो तो बाजाराचा दिवस होता, चौक माणसांनी भरलेला. मी गाडी दुकानासमोर लावली आणि उभ्या उभ्या ओरडायला सुरुवात केली. म्हणालो, तू काल कार्बोरेटर खोललास तेव्हा आतला जेट बदललास. विलायती जेट काढून घेतलास आणि कुठला तरी भंगारातला घातलास. हे मी कशावरून म्हणालो? कशावरूनच नाही. शब्द तोंडात आला आणि मी तो बोललो. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, पण उच्चारायला काही बाकीही ठेवलं नाही. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली.

मिस्त्री पहिल्यांदा उठून उभा राहिला. “गाडीले काई झालं नाई,” तो म्हणाला. “चालवनाऱ्याले झालं असंन.”

लोक हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

तो गाडीजवळ आला, कार्बोरेटरला जोडलेली पेट्रोलची नळी त्याने उपसली, खाली डबा धरला आणि कॉक उघडला. धार पडू लागली. तो बघत बसला. मी वर बोलतच होतो. मला डब्याकडे बघायचं नव्हतं, मला त्याला खाली मान घालायला लावायचं होतं. थोड्या वेळाने त्याने कॉक बंद केला, हात फडक्याला पुसले, आणि एक हात टाकीच्या झाकणाकडे नेला.

झाकणावर शेंदूर होता. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची, वजन-मापांची, गाड्यांची पूजा व्हायची तशी माझ्या बायकोने मोटारसायकलीची केली होती. चाकांना हळद-कुंकू, हँडलला झेंडूची माळ. आणि टाकीवरचं ते गोल, फुगीर झाकण तिला त्या अख्ख्या यंत्रात तेवढंच देवासारखं दिसलं असावं. तिने तेलात शेंदूर कालवून ते जाडसर लिंपून काढलं होतं. पूजेचा शेंदूर कोण पुसतो? मी झाकण कडेला धरून फिरवायचो आणि मधला भाग तसाच राहू द्यायचो. दोन महिन्यांत वर धूळ बसून तो शेंदूर लाल विटेसारखा कडक झाला होता.

मिस्त्रीचा हात झाकणाच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर होता.

“हात लावू नकोस,” मी म्हणालो. “देवाचा शेंदूर आहे तो.”

आता खरं सांगतो, मी काही भाविक माणूस नव्हतो. कळंबच्या चिंतामणी गणपतीला जायचो ते बायकोने ओढत नेलं तर. त्या शेंदराचं मला काडीचं कौतुक नव्हतं. पण आत्ताच लोक मला हसले होते, आणि ते वाक्य बोललं की हसणारे माझ्या बाजूचे होतील, हे मला बोलता बोलता कळलं. आणि झालेही. चौक एकदम गप्प झाला. मागून कुणीतरी खाकरलं.

मिस्त्रीने हात मागे घेतला. झटकन नाही, सावकाश, तापलेल्या तव्यावरून घेतात तसा. नळी पुन्हा बसवली. मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, झाकन जरा ढिलं ठेवून चालवून पाहा.”

“ढिलं ठेवू? म्हणजे पेट्रोल मांडीवर सांडेल आणि मी जळून मरेन.”

“अर्धा आटा ढिलं. सांडनार नाई.”

“आता तू मला गाडी चालवायला शिकव,” मी म्हणालो, आणि गाडी ढकलत घरी गेलो. ती सुरू होत होती, तरी ढकलत गेलो. लोकांना दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली. यवतमाळच्या आमच्या वरिष्ठांना, चांगली दोन पानं. सदर मिस्त्री कामात हयगय करतो. त्याच्याकडे दिलेल्या वाहनांचे मूळ भाग बदलले जात असल्याचा दाट संशय आहे. त्याची वागणूक उद्धट आहे. आणि शेवटचा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत भक्कम होता: पेट्रोल टाकीचे झाकण ढिले ठेवून वाहन चालवावे असा जिवावर बेतणारा सल्ला तो देतो, यावरून त्याच्या ज्ञानाची कल्पना यावी. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. मला ते फार आवडलं.

महिन्याभरात हुकूम आला. जीप दुरुस्तीला यवतमाळला पाठवावी. बाकीच्या दोन कचेऱ्यांनी कारण विचारलं नाही, एवढ्यावरच ओळखलं आणि आपापल्या गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मिस्त्रीच्या हाताखालची दोन्ही माणसं गेली. तो एकटाच दुकानात बसून सायकलींची पंक्चरं काढू लागला. मी रोज तिथून जायचो. दुसरा रस्ता होता, पण मी तिथूनच जायचो. तो मान वर करून बघायचा नाही, आणि त्याने बघितलं नाही याचाही मला राग यायचा.

बायकोने एकदा विचारलं, “त्याचं काम काहून बंद केलं तुमी?”

“चोर आहे तो.”

“गाडी तं अजून बंद पडते तुमची.”

मी ताटावरून उठलो. तेव्हा घरातल्या वादाला माझ्याकडे एवढंच उत्तर होतं.

गाडी खरोखरच बंद पडत होती. आता दाखवायची कुणाला? मीच पान्हे विकत घेतले, एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळवलं, आणि रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून कार्बोरेटर खोलायला शिकलो. जेट साफ करायचो, जाळी साफ करायचो, डबडं हलवून बघायचो. पण त्याआधी पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडायचोच. मग तासभर घासपूस, मग गाडी सुरू. मला वाटायचं माझ्या हातांना गुण आला. टाकीतून पेट्रोल सांडतं म्हणून झाकणाखाली एक नवी रबरी चकतीही कापून बसवली, चांगली घट्ट. त्यानंतर गाडी आठव्या मैलाऐवजी सहाव्याला बंद पडू लागली. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

चैत्र संपत आला असेल. पुसदच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली आणि निघालो. चौथ्या मैलाला गाडी मेली. इतक्या लवकर कधीच मेली नव्हती. पेट्रोल आत्ताच भरलेलं, त्यामुळे झाकण उघडून बघायचं कारणच नव्हतं. पोतं अंथरलं, सगळं खोललं, साफ केलं, जोडलं. किक मारली. काही नाही. पुन्हा खोललं. पुन्हा जोडलं. पंधरा, वीस, तीस किका. पाय थरथरायला लागला. डोक्यावर ऊन, पेटीत बर्फ पाझरतोय, आणि रस्त्याच्या पलीकडे पळसाखाली एक म्हातारा शेतकरी बैल सोडून माझ्याकडे बघत आरामात बसलेला.

“डाक्टर,” तो म्हणाला, “तुमी मानसाचे डाक्टर नाई झाले, ते बरं झालं.”

 त्याच्यावर ओरडायला निदान आवाज तरी हवा होता. मी कार्बोरेटरची नळी उपसली आणि कॉक उघडला. मिस्त्रीने चौकात केलं होतं तेच, पण तो काय बघत होता ते मी तेव्हा बघितलं नव्हतं. आता नाइलाजाने बघितलं. दोन थेंब पडले, मग एक, मग काही नाही. टाकी काठोकाठ भरलेली आणि नळी कोरडी. कॉक तुंबला म्हणावं तर तो मी आत्ताच दोनदा धुतला होता. नळी तोंडात धरून जोरात फुंकली. आत गुडगुड झालं आणि पेट्रोलची छान धार आली. सुटलो म्हणेपर्यंत ती बारीक झाली, सुतासारखी झाली, तुटली.

टाकीच्या तळाशी काही अडकलंय म्हणून आत बघायला मी झाकण फिरवलं.

फुस्स झालं. तो आवाज मी शंभरदा ऐकला होता. उन्हाने पेट्रोलची वाफ होते, ती बाहेर येते, असं मी धरून चाललो होतो. पण त्या दिवशी माझा तळहात झाकणावर होता आणि वारा बाहेर येत नव्हता, आत जात होता. आणि त्याच क्षणी खाली उपसून ठेवलेल्या नळीतून पेट्रोलची जाड धार माझ्या बुटांवर पडली.

मी झाकण घट्ट लावलं. धार बारीक झाली, थांबली. उघडलं. धार आली. लावलं, थांबली. उघडलं, आली. म्हातारा उठून जवळ येऊन बघायला लागला. किराणा दुकानदार घासलेटच्या डब्याला दोन भोकं पाडतो, एक तेल यायला, एक हवा जायला, हे त्यालाही ठाऊक असणार. मलाही ठाऊक होतं. टाकीतलं पेट्रोल खाली जायचं तर तेवढी हवा वरून आत यायला हवी, आणि ती येण्यासाठी झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. गाडी घेतली तेव्हा ते मी बघितलंही होतं. आता तिथे शेंदूर होता.

कडेच्या बाभळीचा काटा तोडला आणि झाकणाच्या मधोमध टोचत राहिलो. लाल खपली निघाली, काटा आरपार गेला. जोडाजोड केली, किक मारली. गाडी सुरू झाली ती उमरखेडपर्यंत गेली, तिथून तांड्यावर गेली, परत पुसदला आली. एकदाही दमली नाही.

त्या परतीच्या वाटेवर मी आधी बायकोवर चिडलो. खोटं का बोलू? घरी जाऊन तिला काय काय ऐकवायचं ते पाच-सहा मैल जुळवत होतो. मग एकदम ते वाक्य आठवलं. अर्धा आटा ढिलं. मिस्त्रीने धार बारीक होताना बघितली होती. त्याला तिथेच, त्या मिनिटाला कळलं होतं. त्याने सांगितलंही होतं, आणि मी त्याचं ते सांगणंच माझ्या तक्रारीचा सगळ्यांत भक्कम मुद्दा करून वर पाठवलं होतं.

यवतमाळला गेलो तेव्हा वरिष्ठांना म्हणालो, मिस्त्रीबद्दल माझा गैरसमज झाला होता, जीप परत त्याच्याकडे द्यावी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “गैरसमज तोंडी कसा चालेल, डॉक्टर? तक्रार लेखी आहे. चूक तुमची होती असं लेखी द्या, मग बघू.” मी हो म्हणालो आणि आठ दिवस काही लिहिलं नाही. हातात पेन घेतलं की वाटायचं, आधी त्याला भेटून यावं. म्हणजे तो म्हणेल, जाऊ द्या साहेब, झालं ते झालं. आणि मग लिहायची गरज उरणार नाही.

गेलो. तो एका सायकलची साखळी बसवत होता. मी उभा राहिलो. या वेळी मीच त्याची विडी संपायची वाट बघितली.

“गाडी बरी झाली,” मी म्हणालो. “झाकणाचं भोक बुजलं होतं.”

“हो,” तो म्हणाला.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“त्याच दिवशी.”

त्याच्या त्या शांतपणाने माझं डोकं पुन्हा फिरलं. पश्चात्ताप करायला आलेला माणूसही चिडू शकतो, हे मला तेव्हा समजलं. “मग सरळ सांगितलं का नाही? शेंदराने भोक बुजलंय, एवढं एक वाक्य. ढिलं ठेवा, ढिलं ठेवा, काय ढिलं ठेवा? तुमचं काम गेलं, माणसं गेली. आणि तुम्ही तोंडातून शब्द काढला नाही?”

त्याने साखळी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तेव्हा पहिल्यांदाच त्याने मला नीट बघितलं.

“बाजाराचा दिवस होता, साहेब,” तो म्हणाला. “चौक भरून राह्यलता. तुमी मले म्हनलं, देवाच्या शेंदराले हात लावू नको. त्याच्यावर मी म्हनलो असतो का तुमच्या देवाच्या शेंदरानंच गाडी बंद पडून राह्यली. गाडी तुमची चालू झाली असती. माहं काय झालं असतं?”

मी खाली ठेवलेल्या साखळीकडे बघितलं.

“काम गेलं तं गेलं. दुसरं पाहू. घर तं याच गल्लीत आहे ना माहं. लेकरंबाळं याच गल्लीत आहे.” त्याने साखळी पुन्हा उचलली. “आता तुमी आले, सांगतलं, झालं. वर लिहून देनार काय?”

“देईन.”

“तं मंग द्या. इथं कायले उभे आहे?”

त्याच्या तोंडून ‘जाऊ द्या’ येईल म्हणून मी आलो होतो. ते आलं नाही. त्याने माफ केलं नाही, आणि करायला नकोच होतं, हे आज म्हणतो. त्या दिवशी मात्र त्याच्या पाठीकडे बघत उभं राहताना मला त्याचा रागच आला होता.

घरी येऊन कागद लिहायला बसलो. सदर मिस्त्रीचे निदान अचूक होते. झाकण ढिले ठेवण्याचा त्याचा सल्ला योग्य होता. तो मी समजून घेतला नाही. जेट बदलल्याचा संशय निराधार होता. इथपर्यंत एका दमात लिहिलं, आणि प्रत्येक वाक्याबरोबर थोडं हलकंही वाटत गेलं. मग कारण लिहायचं होतं. झाकणाचे छिद्र, एवढं लिहून पेन थांबलं. वरिष्ठ वाचतील. कारकून वाचतील. अख्ख्या यवतमाळात गोष्ट होईल की पुसदच्या गुरांच्या डॉक्टरने गाडीला शेंदूर फासला आणि तीन-चार महिने पोतं अंथरून कार्बोरेटर खोलत बसला. लोक पुन्हा हसतील. मी लिहिलं: झाकणाचे छिद्र धुळीने बुजले होते.

जीप दोन महिन्यांनी परत आली. बाकीच्या दोन कचेऱ्यांनी माझी तक्रार कानोकानी ऐकली होती, माझा खुलासा त्यांच्यापर्यंत कधीच पोचला नाही, आणि पोचवायला मी गेलो नाही. त्यांच्या गाड्या परत आल्या नाहीत. मिस्त्रीने एक माणूस परत कामावर घेतला, दुसरा घेता आला नाही. माझ्या खुलाशाची नक्कल जीपच्या ड्रायव्हरने त्याला दाखवली होती. ड्रायव्हर सांगत होता, मिस्त्रीने ती सगळी वाचली, ‘धुळीने’ या शब्दाशी थोडा थांबला, आणि कागद घडी करून परत दिला. 

‘शेंदूर’ हा शब्द त्याने चौकात गिळला, तेव्हा त्याच्या मागे घर होतं, गल्ली होती, लेकरं होती. मी तो घरात, दार लावून, टेबलाशी बसून गिळला. मला कुणाचंच भय नव्हतं.